आखाजीची सही आणि सातबाऱ्याचे रकाने



एरवी मी इथे पपईवरचा व्हायरस, मिरचीची मर, कापसाची बोंडअळी असंच लिहितो. आज कागदाबद्दल लिहितोय. मागच्या आठवड्यात एका भाऊबंदाने विचारलं, "दादा, सातबारा तर माझ्याच नावावर आहे, मग बँक नाही का म्हणते?" मी म्हटलं, नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघितलंस, बाकीच्या रकान्यांत काय आहे ते बघितलंस का? तो गप्प बसला. मी पण वीस वर्षं असाच गप्प बसलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

आधी माझी फजिती सांगतो. वडिलांनी १९९४ साली विहिरीवर मोटर आणि पाइपासाठी कर्ज घेतलं होतं. २००१ मध्ये फेडलं. बेबाकी दाखला आईच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला होता. कर्ज फिटलं, दाखला मिळाला, विषय संपला असं आम्ही धरलं. वडील गेले, वारस नोंद झाली, दरवर्षी सातबारा काढत गेलो. काढला की मी दोनच गोष्टी बघायचो. माझं नाव बरोबर आहे का आणि क्षेत्र तेवढंच आहे का. बस.

२०१९ ला तीन एकर पपईचं ठरवलं. नर्सरीत तीन हजार रोपांची ऑर्डर दिली, ॲडव्हान्स भरला. ठिबकसाठी कर्ज हवं होतं म्हणून एका बँकेत कागद दिले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, "सातबारा क्लिअर नाही." म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही. मी पुन्हा नवा सातबारा काढून नेला. परत तेच. तिसऱ्या वेळी तर साहेब वर बघायला तयार नव्हते. गावात एक म्हातारे आहेत, जन्मभर कोतवालकी केलेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, माझ्या नावाकडे ढुंकूनही बघितलं नाही, बोट सरळ उजवीकडे 'इतर हक्क' वर ठेवलं. म्हणाले, "हा तुझ्या बापाचा बोजा अजून उभा आहे रे."

१९९४ चा बोजा २०१९ ला. पैसे फिटून अठरा वर्षं झालेली. कर्ज फेडणं एक, आणि बोजा कमी करायची नोंद घालून घेणं दुसरं, हे मला माहीतच नव्हतं. बँकेचं पत्र, तलाठी आप्पांकडे अर्ज, फेरफार, नोटिसा, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, यात लागवडीचा महिना निघून गेला. नर्सरीतली रोपं पिशवीतच लांबट झाली. दीड हजार अर्ध्या किमतीत दुसऱ्याला दिली, उरलेली एक एकरावर पाटपाण्यावर लावली. त्या वर्षी पपईला भाव चांगला होता, ते तर बोलूच नका.

त्या दिवसापासून मी सातबारा 'वाचायला' लागलो. दहावी पास माणूस आहे मी, वकील नाही. पण हे वकिलाचंच काम आहे असं मला आता वाटत नाही. कायद्याचा कागद म्हणजे वाफे पाडलेलं शेत असतं. कुठल्या वाफ्यात काय लावलंय हे एकदा कळलं की पूर्ण शेत पालथं घालावं लागत नाही.

सातबारा हा मुळात एक कागद नाहीच. महसूल खात्याचे गाव पातळीवरचे १ ते २१ नमुने आहेत. त्यातला ७ नंबर आणि १२ नंबर एकाच पानावर छापतात म्हणून सात-बारा. वरचा सात नंबर म्हणजे हक्काचा, खालचा बारा नंबर म्हणजे पिकाचा. फेरफाराची वही नमुना ६, त्यात तक्रार झाली तर ती ६अ मध्ये जाते, वारसांची वही ६क. आणि ८अ म्हणजे तुमच्या खात्यावर त्या गावात किती गट आहेत ते सगळे एका ठिकाणी. सातबारा गटाचा असतो, ८अ माणसाचा असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी तहसीलच्या दोन चकरा वाचतात. कुणी म्हटलं "आठ-अ आणा" तर लोक सातबाराच घेऊन उभे राहतात, मी पण राहिलेलो आहे.

सात नंबरच्या डोक्यावर गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर. हेही नीट बघा. आपला जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीच्या कागदावर जिल्हा धुळे असणार आणि आजोबांच्या काळच्या कागदावर पश्चिम खानदेश. ते चुकीचं नाही. पण धडगावच्या माणसाने कागदावर 'अक्राणी' बघून घाबरू नये, तालुक्याचं सरकारी नाव तेच आहे. तसंच जुन्या खतात सर्व्हे नंबर असतो आणि आता गट नंबर आहे. दोन्हींचा मेळ कुठे लागतो ते जुळणीच्या तक्त्यावरून काढून घ्यावं लागतं. नुसता आकडा सारखा दिसला म्हणून तेच शेत धरू नका.

मग येतो भूधारणेचा प्रकार. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. हा एक शब्द फार लोक सोडून देतात. वर्ग २ म्हणजे जमीन विकायला वरची परवानगी लागणार. सौदा ठरवून, बयाणा देऊन मग हे बघणारे मी चार तरी बघितलेत.

क्षेत्राच्या रकान्यात लागवडयोग्य वेगळं आणि पोटखराब वेगळं. पोटखराबाचे पण दोन भाग आहेत. वर्ग अ म्हणजे खडकाळ, माळ, खळं, शेतातलं घर अशी न पिकणारी जागा. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाऊलवाट, नाला, जी लोकांच्या वापरात आहे. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला हे फार महत्त्वाचं आहे. कारण आपल्या बापजाद्यांनी दगड वेचून, बांध घालून पोटखराबाची चांगली काळी केलेली आहे आणि कागदावर ती अजून 'खराब'च आहे. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर वर्ग अ पोटखराब लागवडीखाली आणलं असेल तर त्याची आकारणी होऊन ते लागवडयोग्य क्षेत्रात घेता येतं. वर्ग ब ला हे लागू नाही. आता विचार करा, ज्याने तो अ आणि ब बघितलाच नाही, तो अर्ज तरी कशाचा करणार? आणि कर्ज, विमा, भरपाई हे सगळं बघतात ते कागदावरच्या लागवडयोग्य क्षेत्रावर. तुम्ही किती दगड वेचले ते कुणी विचारत नाही.

आणि 'इतर हक्क'. माझं मत विचाराल तर सातबारा हातात आला की पहिल्यांदा इथे बघावं, नावाकडे नंतर. बँकेचा, सोसायटीचा बोजा इथे. विहिरीतला हिस्सा इथे. कुळाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावरची बंदी, सगळं इथे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने सातबाऱ्याचा नमुना बदलला, तो बदल मला तरी चांगला वाटला. आधी मयत खातेदार किंवा फिटलेला बोजा नुसता कंसात टाकायचे. तो कंस झेरॉक्समध्ये निम्मा दिसायचा नाही, आणि मेलेला माणूस कागदावर जिवंत राहायचा. आता आडवी रेघ मारलेली असते. दोन खातेदारांच्या मधे पण तुटक रेषा आली. शेवटचा फेरफार नंबर आणि तारीख दिसते. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे एखादा फेरफार प्रलंबित असेल तर ते इतर हक्कातच लिहून येतं. म्हणजे तुमच्या गटावर कुणी काही नोंद घालतंय का, हे घरबसल्या कळतं. पण बघणाऱ्यालाच कळतं.

कारण फेरफाराला मुदत असते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोंद घातली की चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस. कुणी बोललं नाही तर नोंद मंजूर. नंतर कलम १५७ म्हणतं की मंजूर झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. म्हणजे पंधरा दिवसांत एक अर्ज टाकायचा होता, तो नाही टाकला तर पुढे अपिलाची पायरी. ती किती वर्षांची असते ते गावागावात विचारा.

इथे एक गोष्ट कृषी सहायक आणि बँकेच्या मंडळींना पण सांगायची आहे, तुमच्यातले बरेच जण हे पान वाचतात. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, तो बघायला तुम्हीच आम्हाला शिकवलं. माती परीक्षणाच्या अहवालात सामू कुठे, क्षारता कुठे, सेंद्रिय कर्ब कुठे, हे तुम्ही बोट ठेवून दाखवता. मग सातबाऱ्यावर बोट का ठेवत नाही? "क्लिअर नाही", "अडचण आहे", "वरून आलं नाही" असं न म्हणता "इतर हक्कात अमुक फेरफाराने आलेला बोजा आहे, तो कमी करून आणा" एवढं एक वाक्य लिहून द्या. माझं एक हंगाम त्या एका वाक्यावाचून गेलं.

बारा नंबरचं थोडक्यात. वर्ष, हंगाम, पीक, जलसिंचित की अजलसिंचित, पाण्याचं साधन, पडीक किती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आपणच मोबाईलवर टाकायचं. डोंगरात रेंज नसते हे खरं आहे, त्याच्यावर वेगळं लिहीन. पण २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजारांची मदत आली तेव्हा हीच नोंद बघितली गेली. शेतात कापूस आणि बारा नंबरात ज्वारी अशी गंमत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली, आता ती महागात पडते.

आता आखाजी. हा भाग लिहू का नको असं चाललं होतं, पण बहिणीला विचारलं, ती म्हणाली लिही.

आपल्या खानदेशात आखाजीला बहिणी माहेरी येतात. झोके, पुरणपोळी, आंब्याचा रस, आणि अलीकडे पंधरा-वीस वर्षांत अजून एक गोष्ट. हक्कसोडपत्र. बहिणी एकत्र सापडतात म्हणून भाऊ कागद तयार ठेवतो. जेवण झालं की "ताई, उद्या सकाळी जरा रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ". ताई पण विचारत नाही, विचारलं तर माहेर तुटेल अशी भीती. मी पण हेच केलं. आमचं ठरलं होतं की शेतातला हक्क बहीण सोडेल, गावठाणातल्या घराच्या मागची खुली जागा तिच्या नावावर राहील. तिचं सासर जवळ आहे, तिला तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. शब्द माझा होता आणि माझ्या मनात खोट नव्हती. कागद लिहिणाऱ्याला मी सांगितलं, "बहिणीचं हक्कसोड करायचं." एवढंच सांगितलं.

सकाळी निघताना भाची, बारावीत होती तेव्हा, म्हणाली मामा वाचू का? मी म्हटलं वाच. ती वाचत गेली. लिहून घेणार, लिहून देणार, वय, धंदा, राहणार. मग वडील कधी वारले, वारस कोण, ती हकीकत. मग "कोणताही मोबदला न घेता राजीखुशीने" वगैरे. हे सगळं प्रत्येक कागदात तसंच असतं, आपण मान डोलावतो. आणि शेवटून दुसऱ्या पानावर मिळकतीचं वर्णन. शेताचे दोन गट, चतुःसीमा. आणि त्याच्या खाली अनुक्रमांक ३ ला खुली जागा. मिळकत नंबर, लांबी-रुंदी, पूर्वेला रस्ता, सगळं बरोबर लिहिलेलं.

भाची थांबली. बहिणीने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. ती नजर मी विसरलो नाही.

कागद लिहिणाऱ्याने काही कपट केलं असं मी म्हणत नाही. त्याला आठ-अ आणि घराचा उतारा दोन्ही दिले होते, त्याने दोन्ही उतरवून काढले. चूक माझी. मी कागदाचा विषय सांगितला, वर्णन सांगितलं नाही. पण रजिस्टर झालं असतं तर? नंतर मी म्हटलं असतं "ताई, चुकून झालं", आणि तिने का विश्वास ठेवावा? दुरुस्तीचा कागद करायचा तर परत सगळ्यांच्या सह्या. आणि मधल्या काळात मी मेलो असतो तर माझी पोरं आत्याला तो कागदच दाखवतील.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. खरेदीखत असो, हक्कसोड असो, वाटणीपत्र असो, साठेखत असो, आधी मागून वाचा. परिशिष्ट, वर्णन, चतुःसीमा. बाकीचा मजकूर बहुतेक ठरलेला असतो, कागदाचा जीव त्या वर्णनात असतो. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, त्याच्या कलम २१ मध्येच आहे की मिळकत ओळखू येईल असं वर्णन नसेल तर दस्त नोंदणीला घ्यायचा नाही. म्हणजे इंग्रजांनाही कळलं होतं की भांडण कुठे होणार. चतुःसीमा लिहिताना पण "उत्तरेस अमुक यांचे शेत" असं नुसतं नाव नको, गट नंबर घाला. नावं मरतात, विकून जातात, गट नंबर राहतो. नाला असेल तर नाला लिहा. आपल्याकडचे नाले पण जागा बदलतात, तो भाग वेगळा.

आणि सही करणाऱ्याला कागद आदल्या रात्री घरी मिळाला पाहिजे. गाडीत बसल्यावर नाही. बहिणींनो, मागून घ्या, त्यात माहेर तुटत नाही. भावांनो, तुम्हीच आणून द्या.

डोंगरातल्या मंडळींसाठी थोडं. कायद्याला पण असेच वाफे असतात. प्रकरण, त्यात कलम, त्यात पोटकलम, मग 'परंतु' ने सुरू होणारं परंतुक आणि 'स्पष्टीकरण'. लोक कलम वाचून थांबतात आणि खरी मेख 'परंतु' मध्ये असते. कलमाला मागे अक्षर असेल, जसं ३६अ, तर ते नंतर घातलेलं समजायचं. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्यातलं ३६अ आलं १९७४ ला. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जायला बंदी आणि परवानगीच्या अटी त्यात आहेत. आपला नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार-शहाद्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तेव्हा हे कलम आपल्याकडे पुस्तकातलं नाही, रोजचं आहे.

वन हक्क कायदा २००६ चा. फक्त १४ कलमं आहेत, एका दुपारी वाचून होतो. व्याख्या कलम २ मध्ये, हक्क कोणते ते ३ मध्ये, अटी ४ मध्ये, कुणी ठरवायचं ते ६ मध्ये आणि तिथे पहिली पायरी ग्रामसभा. १३ डिसेंबर २००५ ही तारीख आणि ४ हेक्टरची मर्यादा दोन्ही कलम ४ मध्येच आहेत. पट्टा हातात आला की त्याचे पण भाग बघा. पती-पत्नी दोघांची नावं आहेत का? कलम ४ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे पट्टा दोघांच्या नावावर संयुक्त हवा. क्षेत्र आणि सीमा प्रत्यक्ष कसतो तेवढ्या आहेत का? अक्राणीकडच्या एका ओळखीच्या माणसाने पट्टा फ्रेम करून भिंतीला लावला होता. छान दिसत होता. क्षेत्राच्या ओळीत, तो कसतो त्याच्या निम्मं होतं. तीन वर्षांनी काच काढून वाचला.

अजून एक. कुठलाही कायदा कुणाला लागू, हे बहुतेक पहिल्या दोन-तीन कलमांतच असतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, ज्याच्यावर मुलीचा समान हक्क उभा आहे, त्याच्या कलम २ च्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे माझ्या बहिणीला जो कायदा सरळ लागू होतो तो माझ्या शेजारच्या पाड्यातल्या मुलीला तसाच लागू होत नाही. हे बरोबर की चूक, यावर मी इथे भांडत नाही. पण मोठमोठ्या सभांमध्ये "कायद्याने मुलीला हक्क दिला" असं सरसकट सांगतात तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या बायकांना ते लागू आहे का, हे बोलणाऱ्याने कलम २ वाचून बोलावं.

लोक म्हणतील, दादा, हे सगळं लक्षात कोण ठेवणार. ठेवू नका. २०१७ ला सातबारे संगणकावर आणताना गावोगावी चावडी वाचन झालं होतं. तलाठी आप्पांनी एकेक सातबारा वाचायचा, खातेदारांनी चुका सांगायच्या. आमच्या गावात लोक आले, आपापलं नाव ऐकलं, उठून गेले. मीसुद्धा. बोजा तेव्हाच ऐकू आला असता, वाचणाऱ्याने तो वाचला पण असेल. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, नाव बदललं ते ठीक आहे, पण दरवर्षी खरिपाच्या आधी असं वाचन व्हावं आणि रकान्याप्रमाणे व्हावं. एक दिवस फक्त इतर हक्क. एक दिवस फक्त मयत नावं. ग्रामसभेत मी हा विषय दोनदा मांडला, दोन्ही वेळा चहा आला.

म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर बसणार आहे. ज्याला यायचं त्याने सातबारा, आठ-अ आणि ट्रंकेतले जुने बेबाकी दाखले घेऊन या. चष्मा आणा. भाची सुट्टीला आलेली आहे, ती पण बसेल. बहिणीच्या दोन खोल्यांचं जोतं झालंय, पावसाच्या आत भिंती उभ्या करायच्या आहेत, त्यामुळे सात नंतर मी तिकडे.